क्रेन हलली की आकडे गळतात: कुपवाडच्या एका फाउंड्रीतील फिरत्या वायरलेस सेन्सरांचे प्रकरण

कुपवाड औद्योगिक वसाहतीतील ही एक मध्यम आकाराची ग्रे आयर्न फाउंड्री. ओतकामाची शेड ९६ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. वर पत्रा, दर ६ मीटरला लोखंडी कॉलम, म्हणजे एका रांगेत १७ कॉलम. १ नंबरच्या कॉलमपाशी ऑफिस आणि त्यातच गेटवे, म्हणजे सगळ्या सेन्सरांचे संदेश गोळा करणारे उपकरण. ५-६ नंबरला इंडक्शन फर्नेस, ७ ते १४ मोल्डिंग आणि ओतकाम, त्यापुढे शेकआउट, म्हणजे साचे फोडून कास्टिंग बाहेर काढण्याची जागा.

सेन्सर दोन प्रकारचे. कूलिंग वॉटरचे पंप, कॉम्प्रेसर, सँड प्लँटच्या मोटारी यांवर बॅटरीवरचे २२ स्थिर सेन्सर, दर ३० सेकंदांनी एक संदेश. फिरती उपकरणे ७: दोन ईओटी (वरच्या रुळांवर विजेने फिरणाऱ्या) क्रेन, चार फोर्कलिफ्ट, एक लेडलची (वितळलेला धातू नेणाऱ्या भांड्याची) ट्रॉली. ही दर २ सेकंदांनी बोलतात. क्रेनवरून हुकाचे वजन, होइस्टच्या ब्रेकचे तापमान आणि गिअरबॉक्सचे कंपन येते. लेडलमधून किती धातू कोणत्या साच्यात गेला याची नोंद याच वजनावरून निघते, त्यामुळे आकडे गळले तर त्या हीटचा (एका वेळी वितळवलेल्या धातूचा) हिशेबच लागत नाही.

सगळे २.४ गिगाहर्ट्झवर, आयईईई ८०२.१५.४ रेडिओ, त्यावर टीएससीएच, म्हणजे ठरलेल्या वेळी आणि चॅनेल बदलत बोलण्याची पद्धत: १० मिलिसेकंदांचे स्लॉट, १०१ स्लॉटची स्लॉटफ्रेम (१.०१ सेकंद) आणि दर स्लॉटला चॅनेल बदल. राउटिंग, म्हणजे संदेशांची वाट ठरवणे, आरपीएल या प्रोटोकॉलचे (इंटरनेट मानक आरएफसी ६५५०). पॅरेंट, म्हणजे आपला संदेश गेटवेकडे पुढे नेणारा शेजारी, निवडायला ईटीएक्स, म्हणजे एक संदेश पोचायला सरासरी लागणारे प्रयत्न. २२ स्थिर सेन्सर आणि ७ फिरती उपकरणे मिळून २९ नोड, सगळेच एकमेकांचे संदेश पुढे पाठवणारे. पुढे येणारा एक अपवाद सोडला तर स्थिर सेन्सरांचे काम चोख चालले होते.

तक्रार क्रेनची होती. ओतकाम सुरू झाले की मोठ्या क्रेनचे आकडे मध्येच थांबत आणि मिनिट-दीड मिनिटाने परत येत. फोर्कलिफ्टचे आकडेही तुटत, पण खंड लहान. ऑफिसमधून क्रेनच्या लोडसेलला शून्य करण्याचा आदेश दिला तर तो कधी लगेच पोचे, कधी पोचतच नसे. क्रेन ऑपरेटरपासून मेंटेनन्सपर्यंत सगळ्यांचे मत एकच: "फर्नेस फुल पॉवरला गेली की जातंय बघा."

फर्नेसचा दोष नव्हता

मीडियम फ्रिक्वेन्सी इंडक्शन फर्नेस साधारण ५०० ते १००० हर्ट्झवर चालते. रेडिओची वारंवारता त्याच्या २४ ते ४८ लाख पटीच्या घरात. फर्नेसचा गोंगाट सेन्सरच्या केबलमध्ये शिरून वजनाचा आकडा हलवू शकतो, पण २.४ गिगाहर्ट्झचे पॅकेट मारू शकत नाही. संशय पक्का होण्याचे कारण साधे होते. धातू तयार झाला की लेडल घ्यायला क्रेन हलते, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात. फर्नेस पूर्ण पॉवरवर ठेवून क्रेन जागेवर उभी केली तेव्हा एकही पॅकेट गळले नाही. फर्नेस बंद ठेवून रिकामी क्रेन १ ते १७ फिरवली तेव्हा खंड आले.

अशा प्रकरणात पहिले काम म्हणजे प्रत्येक संदेशात थोडी जास्तीची माहिती घालणे: १६ बिटांचा क्रमांक, सध्याचा पॅरेंट, मागच्या संदेशाला किती प्रयत्न लागले, त्या पॅरेंटची सिग्नल पातळी, आणि उपकरण कितव्यांदा चालू झाले तो बूट क्रमांक. सगळे मिळून ८-९ बाइट. ८०२.१५.४ ची फ्रेम जास्तीत जास्त १२७ बाइटची, तेव्हा एवढी जागा निघते. हे नसेल तर गेटवेवर फक्त "संदेश आला नाही" एवढेच दिसते आणि चर्चा अंदाजावर चालते.

बूट क्रमांकाने लगेच एक धागा सुटा केला. काही खंडांनंतर तो एकने वाढलेला होता, म्हणजे क्रेनवरचे उपकरण चक्क बंद पडून पुन्हा सुरू झाले होते. हे नेहमी ९ नंबरच्या कॉलमपाशी. तिथे क्रेनला वीज देणाऱ्या डीएसएल बसबारचा जोड आहे आणि त्यावरून वीज घेणारा कलेक्टर शू त्या जोडावरून जाताना क्षणभर उचलला जातो. मोटारीला त्याचा पत्ताही लागत नाही, पण उपकरणाचा छोटा पॉवर सप्लाय तेवढ्यात कोसळतो. हे राउटिंगचे दुखणे नव्हे, पण लक्षण हुबेहूब तेच. उपाय: ५ व्होल्टच्या लाइनवर ५.५ व्होल्टचा १ फॅरडचा सुपरकपॅसिटर. ५ वरून ३.६ व्होल्टपर्यंत उतरताना तो साधारण ६ जूल देतो. उपकरण ०.१ वॉट खात असेल तर पूर्ण मिनिटाची सोय. चार्ज होताना एकदम करंट ओढू नये म्हणून २२ ओहमचा रेझिस्टर मालिकेत आणि डिस्चार्जसाठी त्याला समांतर शॉटकी डायोड. जोडाची मेकॅनिकल दुरुस्तीही केली, पण शू पुन्हा झिजणारच, म्हणून कपॅसिटर काढायचा नाही.

उरलेले खंड: एकाला एक लागून चार कारणे

बूट क्रमांक न बदलता आलेले खंड खरे राउटिंगचे. एकेक कारण सुटे पाहिले तर कोणतेच फार मोठे वाटत नाही. एकाने दुसऱ्याला वाट करून दिल्यामुळे काही सेकंदांची अडचण दीड मिनिटावर गेली.

क्रेनचा वेग मिनिटाला ४० मीटर, म्हणजे सेकंदाला ०.६७ मीटर. सँड हॉपरच्या आड जाताना चांगला सिग्नल पूर्ण तुटायला साधारण १० मीटर, म्हणजे १५ सेकंद मिळतात. या वेळात नवा पॅरेंट सापडायला हवा. पण आरपीएलमध्ये शेजाऱ्यांची जाहिरात, म्हणजे डीआयओ, ट्रिकल टायमरवर चालते. नेटवर्क शांत असेल तसा तो टायमर दुप्पट होत जातो. इथे सुरुवात ४.०९६ सेकंदांची आणि ८ वेळा दुप्पट, म्हणजे शेवटी साडेसतरा मिनिटे. स्थिर सेन्सरांसाठी ही उत्तम बचत आहे. क्रेनसाठी मात्र याचा अर्थ असा की जिथे ती पोचली तिथले शेजारी तिला आपले नावही सांगत नाहीत. तिच्या यादीत मागे राहिलेलेच नोड.

त्यात पॅरेंट बदलण्याचा उंबरठा. पॅरेंट निवडण्याच्या एमआरएचओएफ या नियमाच्या (आरएफसी ६७१९) नेहमीच्या सेटिंगमध्ये नवी वाट जुनीपेक्षा १.५ ईटीएक्सने सरस असल्याशिवाय बदल होत नाही. ईटीएक्स कळतो तो स्वतः पाठवलेल्या संदेशांच्या पोचेवरून. म्हणजे वाट तुटल्याचा पुरावा गोळा करायलाही संदेश गमवावे लागतात.

आता रांग बघा. क्रेनला पॅरेंटकडे पाठवायला दर स्लॉटफ्रेममध्ये एकच सेल (राखून ठेवलेला स्लॉट) होता आणि एका पॅकेटला १ अधिक ७ असे ८ प्रयत्न. तुटलेल्या वाटेवर एक पॅकेट टाकून द्यायला ८.०८ सेकंद. तेवढ्यात मागून ४ नवी पॅकेट. आठ सेकंदांत ४ येतात, १ जाते. रांग ८ पॅकेटची, म्हणून २१-२२ सेकंदांत भरते आणि त्यानंतर नवी पॅकेट दारातूनच परत. गळतीचा मोठा भाग हवेत गेलेला नसून उपकरणाच्या पोटातच झालेला होता.

आणि मग घड्याळ. टीएससीएचमध्ये दोन्ही बाजूंची घड्याळे जुळलेली लागतात. ऐकण्याची खिडकी २.२ मिलिसेकंदांची, म्हणजे चूक १.१ मिलिसेकंदापर्यंत चालते. दोन्हीकडे ±२० पीपीएमचे (दहा लाखांत २० भाग चुकणारे) क्रिस्टल असतील तर वाईटात वाईट फरक ४० पीपीएम आणि पोच न मिळता साडेसत्तावीस सेकंद टिकाव लागतो. पण क्रेनवरचा डबा लेडलच्या वर, पत्र्याखाली. आतले तापमान ६५ अंशांपर्यंत. ३२.७६८ किलोहर्ट्झचे क्रिस्टल २५ अंशांपासून जितके दूर जाईल त्याच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावते: ०.०३४ गुणिले ४० चा वर्ग, म्हणजे ५४ पीपीएम. समोरच्याचे २० धरले तर ७४, आणि टिकाव फक्त १५ सेकंद. फोर्कलिफ्टचे खंड लहान आणि क्रेनचे मोठे का, ते इथे उलगडते. वीसेक सेकंदांच्या अडथळ्यात फोर्कलिफ्टचे घड्याळ तग धरते, क्रेनचे निसटते.

एकदा घड्याळ निसटले की उपकरणाला पुन्हा बीकन, म्हणजे नेटवर्कची वेळ सांगणारा शेजाऱ्याचा संदेश, ऐकत बसावे लागते. बीकन दर १६ सेकंदांनी, तोही १६ चॅनेलांत फिरणारा. ठरावीक चॅनेलवर एका शेजाऱ्याचा बीकन येणार २५६ सेकंदांतून एकदा. चार शेजारी ऐकू येत असतील तर सरासरी ६४ सेकंद. मिनिट-दीड मिनिटाचा खंड तो हा.

या साखळीबाहेरचे एक कारण वेगळ्याच जागी सापडले. जेवणाच्या सुट्टीत एक फोर्कलिफ्ट रोज कॉम्प्रेसर रूमच्या दाराशी उभी राहते. सँड प्लँटमागच्या कोपऱ्यातल्या एका स्थिर सेन्सरला ती जवळची आणि सिग्नलला भक्कम वाटली, म्हणून त्याने तिलाच पॅरेंट केले. त्याच्यामागे आणखी दोन सेन्सर. सुट्टी संपून फोर्कलिफ्ट निघाली की तीनही गायब. रोज त्याच वेळी कूलिंग पंपाचा आकडा का जातो याचे उत्तर पंपाजवळ शोधून मिळण्यासारखे नव्हते.

काय बदलले

पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे डीआयओ सगळ्यांना वारंवार पाठवायला लावणे. तो इथे बसत नाही. २९ नोड दर ४ सेकंदांनी बोलले तर सेकंदाला ७ डीआयओ होतात आणि सगळ्यांच्या सामायिक वापराचा सेल सेकंदाला जेमतेम एक. सारे एकमेकांवर आदळतील. फिरत्या उपकरणाचा माग राउटिंगने काढायचा हा विचारच चुकीच्या बाजूने सुरू होतो. उपकरण कुठेही असो, त्याचे बोलणे कोणाच्या तरी कानावर पडेल आणि ऐकणाऱ्याची पुढची वाट आधीच पक्की असेल, अशी रचना हवी. वाट स्थिर नोडांची. फिरत्याने फक्त बोलायचे.

म्हणून राउटिंग फक्त १२ नव्या नोडांकडे दिले, सगळे विजेवर चालणारे. अ रांगेत १, ४, ७, १०, १३, १६ आणि ब रांगेत २, ५, ८, ११, १४, १७ नंबरच्या कॉलमवर. एका रांगेत १८ मीटर अंतर आणि समोरासमोर न येता सरकवलेले, त्यामुळे हॉपर किंवा भरलेली लेडल एकाच वेळी दोन्ही बाजू झाकत नाही. निकष असा: क्रेनच्या वाटेवर कुठेही किमान तीन नोड −८० डीबीएमपेक्षा (सिग्नलची पातळी; शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली) चांगले ऐकू यावेत. रिसीव्हरची क्षमता −९७च्या आसपास असते, पण पत्र्याच्या शेडमध्ये परावर्तनामुळे तीन-चार सेंटिमीटर सरकले तरी सिग्नल दहा-पंधरा डेसिबलने पडू शकतो. ती गुंजाइश ठेवावीच लागते.

अँटेना कॉलमला चिकटवू नये. ३० सेंटिमीटरच्या ब्रॅकेटवर बाहेर काढावी, उभी ठेवावी, क्रेनवरही उभीच. क्रेनवर ती गर्डरच्या पोटात लपलेली होती, ती खाली टांगली. पातळ कोॲक्सची लांबी मीटरभराच्या आत. लांब केबलने कमावलेले सगळे डेसिबल खाल्ले जातात. कनेक्टरवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, नाहीतर कोळशाची आणि लोखंडाची भुकटी आत शिरते.

या नोडांचा सप्लाय लायटिंगच्या लाइनवरून घेऊ नका. इलेक्ट्रिशियनला ती सोयीची वाटते, पण सुट्टीत शेडचे दिवे बंद केले की निम्मे नेटवर्क झोपते. वेगळा एमसीबी आणि बॅटरी बॅकअप.

फिरती सातही उपकरणे आरपीएलच्या लीफ, म्हणजे दुसऱ्याचे संदेश पुढे न नेणाऱ्या, प्रकारात टाकली. लीफने डीआयओ पाठवलाच तर त्यात रँक (गेटवेपासून नोड किती दूर ते सांगणारा आकडा) अनंत असते, त्यामुळे कोणी त्याला पॅरेंट करू शकत नाही. कोपऱ्यातले तीन सेन्सर एवढ्यानेच सुधारले. बॅटरीवरचे २२ सेन्सरही लीफच. दुसऱ्याचे ओझे वाहणे थांबले की त्यांच्या बॅटरीवरचा ताणही हलका होतो.

चॅनेलांची संख्या १६ वरून ४ वर आणली: चॅनेल १५, २०, २५ आणि २६. फाउंड्रीचे वाय-फाय १, ६, ११ वर आहे आणि हे चार त्यांच्या मधल्या फटींत आणि ११ च्या पुढच्या मोकळ्या जागेत बसतात. ऑफिसच्या राउटरचे चॅनेल 'ऑटो'वर असेल तर आधी ते कायम करून घ्या, नाहीतर ही सगळी मांडणी एका रीस्टार्टमध्ये फिसकटते.

बीकनसाठी १९९ स्लॉटची वेगळी फ्रेम, प्रत्येक नोडला त्यात स्वतःचा स्लॉट, म्हणजे सुमारे २ सेकंदांनी एक बीकन आणि टक्कर नाही. इथे एक बारीक गोष्ट हमखास चुकते. २०० हा गोल आकडा घेतला तर २०० ला ४ ने पूर्ण भाग जातो आणि प्रत्येक नोडचा बीकन कायम एकाच चॅनेलवर अडकतो. २०२ घेतला तर दोनच चॅनेलांवर फिरतो. १९९ मूळ संख्या आहे, ती चारही चॅनेल फिरते. निसटलेल्या उपकरणाला आता बीकन सापडायला सरासरी २ सेकंद पुरतात. बीकनमध्येच त्या नोडचा रँकवर आधारित प्राधान्यक्रम दिलेला (आरएफसी ९०३२ मध्ये याची सोय आहे), म्हणून फिरत्या उपकरणाला डीआयओची वाट बघावी लागत नाही. १२ नोडांची घड्याळे आपसांत जुळलेली असल्याने त्यांतल्या कोणाच्याही बीकनवरून वेळ दुरुस्त करायची परवानगी फिरत्यांना दिली, केवळ पॅरेंटच्या नव्हे. क्रिस्टलच्या उष्णतेचा प्रश्न यात विरला. तरी डबा लेडलच्या थेट वरून बाजूला घेतलाच.

सगळ्यात महत्त्वाचा बदल पाठवण्याच्या सेलमध्ये. आधी हा सेल ठरावीक पॅरेंटशी बांधलेला होता. पॅरेंट बदलला की ६पी हा सेल ठरवण्याचा प्रोटोकॉल (आरएफसी ८४८०) वापरून नवा सेल मागायचा, आणि ती बोलणी नेमकी सिग्नल हलत असतानाच करायची. आता प्रत्येक फिरत्या उपकरणाला १०१ स्लॉटपैकी ३ सेल कायमचे, साधारण ३३ स्लॉटच्या अंतराने. एकूण २१. या २१ सेलमध्ये बाराही नोड फक्त ऐकतात. विजेवर असल्यामुळे सतत ऐकणे त्यांना परवडते. उपकरण संदेशात दोन पत्ते लिहिते: पहिला पॅरेंट आणि पर्यायी पॅरेंट. पोच फक्त पहिला देतो, नाहीतर दोन पोचांची टक्कर होईल. पण ऐकू आले तर पुढे दोघेही पाठवतात. गेटवे उपकरणाचा क्रमांक आणि संदेशाचा क्रमांक पाहून दुसरी प्रत टाकून देतो. अशी प्रत काढणे, चोरून ऐकणे आणि जास्तीची प्रत गाळणे या कल्पना आरएफसी ९०३० च्या आराखड्यात आहेत, पण तयार सॉफ्टवेअरमध्ये त्या आयत्या मिळतील असे धरू नका. हा भाग लिहून घ्यावा लागतो.

बारा जणांनी ऐकले तर बाराही जणांनी पाठवावे असा मोह होतो. हिशेब मांडला की तो आवरतो. ७ उपकरणांचे सेकंदाला साडेतीन संदेश, दोन प्रतींनी ७, स्थिर सेन्सरांचे पाऊण. जवळपास ८, दीडपट प्रयत्न धरून १२, आणि सर्वांत दूरच्या ४ हॉपचा (टप्प्यांचा) भाव सगळ्यांना लावला तरी सेकंदाला ४८ सेल. उरलेल्या ८० मध्ये हे बसते. चार प्रती केल्या की बसत नाही.

एका संदेशाला ३ च प्रयत्न: दोन पहिल्या पॅरेंटला, तिसरा पर्यायीला. ४ सेकंदांत गेला नाही तर टाकून द्यायचा, कारण ब्रेकचे जुने तापमान नव्याला अडवून उपयोग नाही. ओतलेल्या वजनाची नोंद मात्र वेगळी वागवली. ती उपकरणाच्या फ्लॅशमध्ये क्रमांकासह राहते आणि गेटवेची स्वतःची पोच आल्यावरच पुसली जाते. शेजारच्या नोडची पोच म्हणजे गेटवेला मिळाले असे नव्हे. मधला नोड बंद पडला तर त्याच्या रांगेतले सगळे जाते.

पॅरेंट कधी बदलायचा याचा नियम क्रेन आणि फोर्कलिफ्टला एकच लावता येत नाही. क्रेनसाठी: शेवटच्या तीन बीकनांची सरासरी ६ डेसिबलने चांगली. तीन बीकन म्हणजे ६ सेकंद, त्यात क्रेन ४ मीटर जाते. ताशी १० किलोमीटरने जाणारी फोर्कलिफ्ट तेवढ्यात १७ मीटर जाते, म्हणून तिला शेवटच्या एकाच बीकनवर ६ डेसिबल. दोघांनाही लागोपाठ दोन पोचा चुकल्या की वाट न बघता पर्यायी पॅरेंट पहिला होतो.

वरून खाली येणारे आदेश

हा भाग बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहतो, कारण आकडे वर येत असले की सगळे ठीक दिसते. आधी नेटवर्क स्टोअरिंग मोडमध्ये होते. प्रत्येक नोड खालच्यांच्या वाटा लक्षात ठेवतो, आणि क्रेन निघून गेली तरी जुन्या पॅरेंटकडची वाट तिची मुदत, इथे ३० मिनिटे, संपेपर्यंत जिवंत राहते. आदेश तिथे जाऊन अडकायचा. आता नॉन-स्टोअरिंग: वाटा फक्त गेटवेकडे आणि पॅकेटवर पूर्ण मार्ग लिहून पाठवायचा. क्रेनच्या प्रत्येक संदेशात तिचे दोन्ही पॅरेंट असल्यामुळे गेटवेची माहिती २ सेकंदांपेक्षा फारशी जुनी नसते. आदेश तयार झाला तरी लगेच सोडायचा नाही. क्रेनचा पुढचा संदेश आला की त्याच पावली सोडायचा, पहिल्या पॅरेंटमार्फत, आणि पोच आली नाही तर पर्यायीमार्फत.

आणीबाणीचा स्टॉप आणि होइस्टचा लिमिट स्विच या नेटवर्कवर आणलेले नाहीत. ते तारेवरच आहेत आणि तारेवरच राहिले पाहिजेत.

चाचणी

मंजुरीची अट लेखी ठरवली: कोणत्याही फिरत्या उपकरणाचे सलग दोनपेक्षा जास्त क्रमांक गळू नयेत आणि प्रत्येक आदेश ५ सेकंदांत पोचावा. रिकाम्या हुकाने फिरवून ही अट पुरी होणे पुरेसे नाही. भरलेली लेडल, बाजूला उभा ट्रक, शेकआउटचे बंद शटर, जेवणाच्या सुट्टीत बंद दिवे, प्रत्येक स्थितीत क्रेन १ ते १७ आणि परत. शिवाय बारापैकी एकेक नोडचा एमसीबी पाडून तीच फेरी. ब-११ पाडल्यावर अट मोडली: हॉपरच्या मागे अ-१० झाकला जातो आणि उरलेले दोघे काठावर होते. अ-१० चा ब्रॅकेट दीड मीटर खाली घेतल्यावर तो हॉपरच्या वरच्या कडेऐवजी पायांच्या मोकळ्या जागेतून दिसू लागला आणि फेरी निभावली.

एक गोष्ट सुटलेली नाही. फोर्कलिफ्ट स्क्रॅप यार्डात गेली की भिंतीआड पूर्ण तुटते. तिथे तेरावा नोड लावण्याजोगा सप्लाय नाही आणि तिथल्या काही मिनिटांच्या आकड्यांची कोणाला निकडही नाही, म्हणून परत शेडमध्ये आल्यावर साठवलेल्या नोंदी पाठवण्यावर भागवले आहे. शेडमध्ये नवा हॉपर, नवी भिंत किंवा मोठे मशीन बसले की एकेक नोड पाडण्याची फेरी पुन्हा घ्यायची, हे मेंटेनन्सच्या यादीत क्रेनच्या शू तपासणीशेजारी लिहिले आहे.